रुपयाएवढी जागा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेंत, एक बुटकी, गोल पाठीची मोटार उभी असते. शेजारचीं मुलें तिला ‘आजोबांची गाडी’ म्हणतात. वास्तविक ती माझी नव्हे, माझ्या वडिलांची. दर रविवारीं सकाळीं तिच्यावरचें आच्छादन काढून मी इंजिन सुरू करतों, थोडा वेळ चालूं देतों, आणि बंद केल्यावर बॉनेटखालची एक जागा न चुकतां पाहून घेतों. ही जागा जुन्या चांदीच्या रुपयाएवढी आहे. ती पाहावयाची संवय मला कां लागली, हें सांगावयाचें म्हणजे माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायाची हकीकत सांगणें आलें. मोटारींतील तारांची चर्चा घरगुती मासिकांत कशाला, असें कोणा भगिनीस वाटण्याचा संभव आहे; परंतु ही गोष्ट जितकी तारांची तितकीच एका घरांतील दोन भावांची आहे, म्हणून थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

गाडी मॉरिस मायनर. अॅलेक इसिगॉनिस ह्या कल्पक अभियंत्यानें आंखलेली ही मोटार १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि दहा लक्षांचा टप्पा गांठणारी पहिली ब्रिटिश मोटार म्हणून पुढें तिचें नांव झालें. आपल्याकडे ती ‘बेबी हिंदुस्थान’ ह्या नांवानेंही विकली जात असे. आमच्या वडिलांनीं आपली गाडी १९५४ सालीं घेतली. ते वकील होते. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजांतून ती आंत येतांना दोन्ही अंगांस चार-चार बोटें जागा उरे, आणि वडील ती कोठेंही न घांसतां आंत आणीत, ह्याचें आम्हां मुलांना मोठें कौतुक वाटे.

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्‌सी. झालों आणि पुण्यांतच एका महाविद्यालयांत शिकवूं लागलों. बापू माझ्याहून नऊ वर्षांनीं धाकटा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीं त्यानें एके दिवशीं पुस्तकें बांधून माळ्यावर टाकलीं आणि मोटारींच्या विजेचीं कामें करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखालीं तो उमेदवारी करूं लागला. वडील वर्षभर त्याच्याशीं बोलले नाहींत. आमच्या घराण्यांत भिक्षुकी गेली आणि वकिली आली, तें सर्वांनीं पचविलें होतें. परंतु ‘मिस्त्री’ हा शब्द कांहीं केल्या पचेना. घरांत कोणी पाहुणे आले, कीं माझी ओळख ‘प्रोफेसर’ अशी करून दिली जाई, आणि बापूविषयीं ‘त्याचा स्वतःचा धंदा आहे’ इतकेंच मोघम सांगितलें जाई. तो हें ऐके आणि हंसे. मीही तें ऐकत होतों. पण मला त्यांत कांहीं वावगें वाटत नव्हतें, हें आज कबूल केलें पाहिजे.

१९७९ सालीं वडील वारले आणि गाडी माझ्याकडे आली. म्हणजे चालवावयाची मीं आणि तिच्या तारा-दिव्यांची काळजी वाहावयाची बापूनें, अशी वांटणी न बोलतांच ठरली.

आतां थोडें त्या तारांविषयीं. मोटार पेट्रोलवर चालते, ही अर्धीच गोष्ट झाली. पेट्रोल पेटावयास ठिणगी लागते आणि ठिणगीस वीज लागते. त्या काळच्या गाड्यांत ही वीज डायनॅमो उत्पन्न करी. इंजिनाच्या पट्ट्यानें तो फिरतो, आणि चुंबकाच्या क्षेत्रांत फिरणाऱ्या तारेंत प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेलें हेंच तें तत्त्व. अडचण एवढीच, कीं इंजिन कधीं मंद चालतें, कधीं वेगानें. त्यामुळें डायनॅमोची कमाईही कधीं तुटपुंजी, कधीं नको तितकी. ही कमाई जशीच्या तशी बॅटरींत आणि दिव्यांत लोटून दिली, तर एक दिवसही धड जाणार नाहीं.

म्हणून इंजिनाच्या मागील पत्र्यावर काळ्या झांकणाची एक लहानशी पेटी बसविलेली असते. तींत दोन विद्युच्चुंबक शेजारीं-शेजारीं असतात. पहिला ‘कटआउट’. डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबाहून वाढला, कीं हा दोघांमधील वाट जोडून देतो. इंजिन मंदावलें, कीं तोडतो. तो नसता तर बॅटरींत सांठविलेली वीज उलट डायनॅमोंतच वाहून गेली असती. दुसरा ‘रेग्युलेटर’, म्हणजे नियामक. दाब ठरलेल्या मर्यादेस पोंचला, कीं हा आपली पाती ओढून घेतो. त्याबरोबर डायनॅमोच्या चुंबकाकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेंत एक अडथळा येतो आणि दाब उतरतो. उतरला, कीं पाती सुटते आणि दाब पुन्हां चढूं लागतो. असें एका सेकंदांत अनेक वेळां चालतें. कोठीच्या किल्ल्या कमरेस लावलेली जाणती गृहिणी सुगीच्या दिवसांतही मापानेंच धान्य काढते, तसलें हें काम.

पण ह्या नियामकास दाब कळतो कसा? त्याच्या वेटोळ्याचें एक टोक डायनॅमोकडे गेलेलें असतें आणि दुसरें टोक एका काळ्या तारेनें गाडीच्या पत्र्याशीं जोडलेलें असतें. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच विजेची परतीची वाट. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. वेटोळ्याच्या ह्या दोन टोकांमध्यें जेवढा दाब पडेल, तेवढाच नियामकास दिसतो. वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९८७ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मला गाडी रंगविण्याची हौस आली. बाहेरचा रंग बरा होता. परंतु बॉनेटखालचा पत्रा ठिकठिकाणीं गंजला होता. बापू तेव्हां आठ दिवस सासुरवाडीस कोंकणांत गेला होता. मीं पॉलिश-कागदानें पत्रा घांसला, उत्तम प्रतीचा हिरवा एनॅमल आणला, आणि तीन दिवस खपून दोन हात दिले. काम नीटनेटकें व्हावें म्हणून मीं वाटेंतील स्क्रू काढून, तारांचीं टोकें बाजूस सारून त्यांखालींही रंग दिला, तो वाळल्यावर प्रत्येक टोक जागच्या जागीं बसविलें आणि स्क्रू घट्ट आंवळले. आरशासारखा पत्रा झाला. आल्यागेल्यास मी बॉनेट उघडून दाखवीत असें.

बापू परत आला. त्यानेंही पाहिलें. “सुंदर झालें आहे,” तो म्हणाला. मग क्षणभर थांबून त्यानें विचारलें, “दादा, तुम्ही स्क्रू काढले होते का?”

मला तो प्रश्न आवडला नाहीं. मी म्हणालों, “मग काय, स्क्रूवरूनच कुंचला फिरवावयाचा?” तो पुढें कांहीं बोलला नाहीं. थोरल्या भावास दुसऱ्यांदा विचारण्याची आमच्या घरांत रीत नव्हती.

पावसाळा लागला आणि गाडीचे दिवे पूर्वीपेक्षां अधिक लखलखीत लागूं लागले. मला वाटलें, आपण सारीं टोकें स्वच्छ केलीं त्याचाच हा गुण. त्याच सुमारास बॅटरी पाणी फार पिऊं लागली. महिन्या-दोन महिन्यांनीं घालावें लागणारें शुद्ध पाणी आठवड्यास घालावें लागे. झांकणें उघडतांच आम्लाचा उग्र वास येई. बापू दोनदां म्हणाला, “एकदां मीटर लावून पाहूं या का?” दोन्ही वेळां मीं त्यास, परीक्षांचे पेपर तपासावयाचे आहेत, म्हणून टाळलें. खरें कारण निराळें होतें. माझ्या रंगविलेल्या पत्र्यावर त्यानें पुन्हां पाने-पकडी घेऊन वाकावें, हेंच मला नको होतें.

कार्तिकांत आईस वाईला जावयाचें होतें. तिचें माहेर तेथलें. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपति पाहिल्यावांचून तिचें वर्ष पुरें होत नसे. सकाळीं आम्ही निघालों. मी, माझी पत्नी आणि मागें आई. तिचें वय तेव्हां बहात्तर होतें. दिवस आनंदांत गेला आणि परतावयास सायंकाळ झाली. खंबाटकीच्या घाटाच्या पायथ्याशीं अंधार पडला. तेव्हां तेथें आजच्यासारखा बोगदा नव्हता. जाणारीं आणि येणारीं सारीं वाहनें त्याच वळणांच्या रस्त्यानें चालत. चढ लागतांच मीं दुसरा गिअर घातला, इंजिनाचा वेग वाढला, आणि समोरचा प्रकाश पिवळ्याचा पांढरा झाला. दगड न् दगड दिसूं लागला.

मी म्हणालों, “आई, पाहिलेंस का? नव्या गाडीचे दिवे असे नसतील.”

मागून आईचा आवाज आला, “अरे, दिवा असा मोठा झाला, कीं मला भीति वाटते. विझतांनाच तो मोठा होतो.”

तिचें वाक्य संपतें न संपतें तोंच डावा दिवा गेला, आणि मी पाय उचलण्यापूर्वींच उजवाही गेला. मागचे तांबडे दिवेही त्याच क्षणीं गेले असले पाहिजेत. इंजिन मात्र चालू होतें. डोळ्यांपुढें गडद अंधार. कोणतें वळण कोठें होतें तें कळेना. मीं ब्रेक दाबला. गाडी थांबली खरी, पण कशावर थांबली, हें मला ठाऊक नव्हतें. इतक्यांत वरून एक मालमोटार वळण घेऊन खालीं आली. तिच्या प्रकाशांत मला दिसलें, कीं आम्ही रस्त्याच्या मध्यावर तिरपे उभे आहोंत आणि डाव्या बाजूचा कठडा दोन हातांवर आहे. तिचा चालक कर्कश भोंगा वाजवीत, आम्हांस जवळजवळ स्पर्शून निघून गेला. पत्नीनें माझा दंड धरला होता. आई कांहीं बोलली नाहीं; ती स्तोत्र पुटपुटत असावी.

पुढें मागाहून चढणाऱ्या एका मालमोटारीच्या भल्या चालकानें आमची स्थिति पाहिली, आपली गाडी पुढें घेतली आणि तिच्या मागच्या दिव्याच्या खुणेवर आम्हांस पायीं चालणाऱ्याच्या गतीनें घाट उतरवून खंडाळ्याला आणून सोडलें. तेथील एस्. टी. च्या स्थानकावर आईस शालींत गुंडाळून बसवून आम्हीं रात्र काढली आणि उजाडल्यावर पुण्यास आलों.

त्या दिवशीं दुपारीं पानें वाढलीं होतीं. सगळीं माणसें होतीं. बापूची पत्नी वाढीत होती, मुलें पंगतीस होतीं. रात्रीची भीति एव्हांना रागांत बदलली होती. मी म्हणालों, “मिस्त्रीगिरीवर विसंबलें, कीं असेंच व्हावयाचें. ह्याच्या हातच्या तारांनीं काल आईचा जीव घेतला असता.”

भावजयीच्या हातांतील वाढणें तसेंच राहिलें. बापूनें नुकतें आपोष्णीचें पाणी हातांत घेतलें होतें. तो पानावरून उठेल, असें मला वाटलें; कदाचित् तो उठावा, अशी माझी इच्छाही असेल. तो उठला नाहीं. त्यानें पाणी घेतलें, मुकाट्यानें भात कालविला, आणि आईकडे एकदां पाहून म्हणाला, “दादा, उद्यां सकाळीं मीटर घेऊन बसूं. आपण एकमेकांना कशाला विचारावयाचें? तारांनाच विचारूं.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आपली पेटी घेऊन अंगणांत आला. मीटर त्यानें माझ्या हातांत दिला. “आंकडे तुम्ही वाचा,” तो म्हणाला, “मी वाचले तर तुम्हांस शंका राहील.” त्यांत टोमणा नव्हता, परंतु मला तो लागला.

प्रथम त्यानें पट्टा ताणून पाहिला आणि बॅटरीचीं टोकें हलवून पाहिलीं. बॅटरींतील पाणी पत्र्यांच्या खालीं गेलें होतें. “हिनें जास्तीची वीज पोटांत घेतली, म्हणून दिवे इतके दिवस टिकले,” तो म्हणाला. “पाणी आटलें आणि तिची ताकद संपली. मग सगळा दाब दिव्यांवर आला.”

नंतर डायनॅमो. त्याच्या दोन्ही तारा सोडवून त्यानें तीं दोन टोकें तारेच्या एका तुकड्यानें जोडलीं, मीटरचें एक टोक तेथें आणि दुसरें गाडीच्या अंगास लावलें, आणि मला हळूहळू वेग वाढवावयास सांगितलें. कांटा न अडखळतां, एकसारखा चढत गेला. वीस व्होल्टांच्या अलीकडेच त्यानें हात वर केला. “डायनॅमोंत कांहीं खोट नाहीं. ह्यापुढें नेऊं नये, जळेल.”

आतां राहिली काळी पेटी. पेटीच्या खालच्या अंगास पांच टोकें असतात आणि त्यांवर इंग्रजी अक्षरें असतात: ए-वन, ए, एफ, डी आणि ई. बापूनें दोन्ही ‘ए’ वरील तारा काढून एकमेकींस जोडल्या, म्हणजे बॅटरीचा ओढा नियामकावर राहूं नये. मग त्यानें मीटर ‘डी’ आणि ‘ई’ ह्या दोन टोकांना लावला आणि इंजिनाचा वेग वाढविला. कांटा चढला, किंचित् थरथरला आणि स्थिर झाला.

“किती?”

“सोळा.”

“पुस्तकांतही ह्या परीक्षेस सुमारें तितकाच आंकडा आहे. पेटी चोख काम करते आहे.”

मी विजयी मुद्रेनें म्हणालों, “मग दिवे कसे गेले?”

उत्तर न देतां त्यानें ‘ई’ वरील टोक काढलें आणि तेंच गाडीच्या उघड्या लोखंडास टेकविलें. इंजिन त्याच वेगानें चालू होतें. कांटा साडेअठरावर जाऊन उभा राहिला.

बावीस वर्षें मी वर्गांत ओहमचा नियम शिकवीत आलों होतों. ते दोन आंकडे पाहतांच मला सारें कळलें, आणि कळल्याबरोबर कानशिलें तापलीं. पेटी आपल्या दोन टोकांमध्यें सोळाच राखीत होती. तिला दिसत होतें तेवढें तिनें प्रामाणिकपणें केलें होतें. मधले अडीच व्होल्ट तिच्यापासून लपले होते, आणि ते लपले होते ‘ई’ ची काळी तार जेथें पत्र्यास मिळते त्या एका स्क्रूखालीं. म्हणजे सोळा म्हणून ती जो दाब राखीत होती, तो गाडीच्या दृष्टीनें साडेअठरा होता.

बापूनें मीटर ‘ई’ आणि पत्रा ह्यांमध्यें लावून दाखविला. अडीच. मग त्यानें पेचकस माझ्या हातीं दिला आणि तो आंत चहा प्यावयास गेला.

मीं स्क्रू काढला. तारेच्या टोकाची तांब्याची कडी उचलली. खालीं माझा हिरवा एनॅमल होता, जसाच्या तसा, गुळगुळीत, आणि त्यांत कडीची गोल खूण उमटली होती. स्क्रूच्या आंट्यांतून जेवढा म्हणून लोखंडाचा स्पर्श उरला होता, तेवढ्यावरच गेले सहा महिने ती बिचारी पेटी आपला हिशेब ठेवीत आली होती.

मीं पॉलिश-कागद घेतला आणि तेथला रंग खरवडून रुपयाएवढी जागा उघडी केली. लोखंड चकाकूं लागलें. कडी घांसली, बसविली, स्क्रू आंवळला, वर थोडें व्हॅसलीन लावलें. बापू परत आला, तेव्हां आम्हीं पुन्हां मोजलें. ‘डी’ पासून ‘ई’ पर्यंत सोळा. ‘डी’ पासून पत्र्यापर्यंतही सोळा.

“तूं त्या दिवशीं मला स्क्रूचें विचारलेंस, तेव्हांच तुला कळलें होतें का?” मीं विचारलें.

“संशय होता. बिघाड झाला, कीं अखेरचा हात कोठें लागला होता तें आधीं पाहावयाचें, असें मला शिकविलें आहे. पण संशयावरून थोरल्या भावास कसें म्हणावें? मीटर लावला असता तर मीटर बोलला असता.”

त्या दिवशीं दुपारीं पंगतींत मीं सर्वांसमक्ष सांगितलें, कीं दोष माझ्या रंगाचा होता, बापूच्या तारांचा नव्हता. भावजयीकडे पाहूनही तें पुन्हां सांगितलें. बोलतांना घसा कोरडा पडला. आदल्या दिवशीं जो शब्द मीं उच्चारला होता, तो परत घेण्यास ह्याहून दुसरी जागा नव्हती. जेथें बोललों, तेथेंच तो खोडला पाहिजे होता. आई म्हणाली, “बरें झालें. आतां ताक घे.”

पण प्रकरण तेथेंच संपलें नाहीं. नवे दिवे बसविले, बॅटरी दुरुस्त होऊन आली, तरी इंजिन मधून मधून अडखळे. बापू म्हणाला, “आतां ठिणगीची वाट पाहूं. ह्या वेळीं हात तुम्ही चालवा, मी उभा राहतों.” अशा रीतीनें पंचेचाळिसाव्या वर्षीं माझी उमेदवारी सुरू झाली.

ठिणगीची वाट अशी. बॅटरीची वीज किल्लीच्या स्वीचमधून एका पांढऱ्या तारेनें कॉईलकडे जाते. कॉईलच्या एका टोकावर ‘एस् डब्ल्यू’ आणि दुसऱ्यावर ‘सी बी’ अशीं अक्षरें असतात. दुसऱ्या टोकाची तार डिस्ट्रिब्यूटरमधील दोन बारीक संपर्कांकडे, म्हणजे ‘पॉइंट’ कडे जाते. पॉइंट मिटलेले असतां कॉईलमधून प्रवाह वाहतो. ते उघडतांच तो एकाएकीं तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यानें कॉईलच्या आंतील हजारों वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी पडते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदास शंभर ठिणग्या पडतात. एकही चुकली, तर बसणाऱ्यास हिसका कळतो.

बापूनें एका लहान दिव्यास दोन तारा जोडून दिल्या. एक पत्र्यास आणि दुसरी ‘एस् डब्ल्यू’ टोकास लावतांच दिवा लागला. म्हणजे बॅटरी, स्वीच आणि पांढरी तार निर्दोष. मग तीच तार ‘सी बी’ टोकास लावली आणि इंजिन हातानें सावकाश फिरविलें. पॉइंट उघडले, कीं दिवा लागावा. मिटले, कीं विझावा. आमचा दिवा पॉइंट मिटल्यावरही मंद जळत राही. झांकण काढून पाहिलें, तों पॉइंट निळेकाळे पडले होते, एकावर खळगा आणि दुसऱ्यावर उंचवटा. जास्तीच्या दाबानें कॉईलमधून सहा महिने जो जास्तीचा प्रवाह वाहिला, त्याचा हा प्रसाद. ते मिटूनही नीट मिळत नव्हते. मीं नवे पॉइंट बसविले, त्यांमधील फट ०·०१५ इंचाच्या पातीनें मोजली, जोडीस कंडेन्सरही बदलला, आणि प्लग काढून ठिणगी पाहिली. आधीं पिवळसर आणि अशक्त होती; आतां निळी, टणक, चट्‌दिशीं वाजणारी. इतकें समाधान मला पदवीच्या दिवशींही झालें नव्हतें.

ह्या गोष्टीस आतां बरींच वर्षें झालीं. आई गेली, वाडा पडला, त्या जागीं ही इमारत उभी राहिली. आजच्या मोटारींत डायनॅमो नाहीं. त्याची जागा अल्टर्नेटरनें घेतली, आणि तो थरथरणाऱ्या पातीचा नियामक जाऊन न हलणारीं अर्धवाहक साधनें आलीं. परंतु त्यांनाही परतीची वाट चोख लागतेच. एखाद्या नव्या गाडीच्या दिव्यांनीं वेडेचाळे केले, कीं बापू अजूनही प्रथम पत्र्याचा जोड पाहावयास सांगतो.

मी मात्र त्या दिवसापासून थोडें निराळें शिकलों. घरांत कांहीं बिघडलें, कोणाचा आवाज चढला, कोणी अबोला धरला, कीं मी पूर्वीं तत्काळ अपराधी शोधूं लागें. आणि नवल असें, कीं तो नेहमीं माझ्याहून लहान कोणी तरी सांपडे. आतां मी आधीं आठवून पाहतों, कीं तेथें अखेरचा हात कोणाचा लागला होता. पुष्कळदां तो माझाच निघतो, आणि तोही कांहीं तरी नीटनेटकें, शोभिवंत करण्याच्या भरांत लागलेला. वडिलांनीं बापूशीं वर्षभर न बोलण्याचा जो कठोरपणा केला, त्याविषयीं घरांत कोणी कधीं बोललें नाहीं. मीं त्याच्यावर ‘त्याचा धंदा आहे’ ह्या शब्दांचा गुळगुळीत हात फिरविला होता, इतकेंच. आतां पाहुणे आले, म्हणजे मी सांगतों, “हा माझा भाऊ. मोटारींच्या विजेचें काम करतो. मला त्यानें शिकविलें.”

बापूचे हात आतां कांपतात. रविवारीं तो खुर्ची टाकून गाडीशेजारीं बसतो, आणि त्याची नात मीटर धरते. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाडीस मागाहून दोनदां रंग दिला. दोन्ही वेळां रंगाऱ्यास आम्हीं ती जागा दाखवून, तेथें कागद चिकटवून घेतला. मागच्या रविवारीं नातीनें विचारलें, “आजोबा, सगळा पत्रा इतका छान हिरवा आणि येथेंच हा डाग कां ठेवला?”

बापूनें माझ्याकडे पाहिलें. मीं तिच्या हातीं पेचकस दिला आणि म्हणालों, “स्क्रू काढ. सांगतों.”